ऑर्केस्ट्रासाठी गिटार प्रोसेसर : प्रकल्प नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५

५ जुलै, शनिवार

काम असं: गणेशोत्सवातल्या मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटारला ॲम्प न ठेवता प्रोसेसरमधून थेट मिक्सरला लाइन द्यायची. मंडपातल्या स्टेजवर ॲम्पसमोर माइक लावला की ढोलकी, ऑक्टोपॅड आणि शेजारचा मॉनिटर त्यात शिरतात, आणि साउंडवाल्याला गिटारचा फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता नॉब) वर न्यायला जागाच उरत नाही. थेट लाइनने ही कटकट जाते. मात्र ॲम्प, स्पीकर आणि माइक या तिघांचं काम मग प्रोसेसरच्या पेटीतच व्हायला हवं.

सामान: लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प (हाच तो प्रोसेसर; पुढे ‘पेटी’ म्हणजे हाच), स्ट्रॅट घाटाची गिटार (पिकअप: ब्रिजला हंबकर, म्हणजे हम दाबणारं दुहेरी कॉइल; मधे आणि नेकला सिंगल कॉइल), एक एक्स्प्रेशन पेडल, एक सुटा मोमेंटरी फूटस्विच, ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारची लाइन मिक्सरला जोडणारा डबा), ६ मीटरची गिटार केबल. ऐकायला १२ इंची ॲक्टिव्ह पीए (कार्यक्रमातला, श्रोत्यांसाठीचा) स्पीकर, स्टेजवर मॉनिटर म्हणून ठेवतात तसलाच. सगळे पॅच (आवाजाच्या साठवलेल्या जुळण्या, म्हणजेच प्रीसेट) याच स्पीकरवर बनवायचे. हेडफोन फक्त खरखर आणि नॉइज गेटची (न वाजवताना खरखर कापणाऱ्या भागाची) चूक शोधायला.

स्टॉम्प २०१८ साली आला तेव्हा एका प्रीसेटमध्ये ६ ब्लॉक (ॲम्प, इफेक्ट वगैरेंचे सुटे भाग) बसत, ३.० फर्मवेअरपासून ८ बसतात. कॅबसमोरचा (गिटारच्या स्पीकरच्या खोक्यासमोरचा) माइक हवा तसा सरकवता येणारं नवं कॅब इंजिन ३.५० मध्ये आलं. सेकंडहँड पेटी घेतली असेल तर आधी फर्मवेअर बघावं. क्रम असा: एचएक्स एडिटमधून (पेटीच्या कॉम्प्युटर प्रोग्राममधून) बॅकअप, अपडेट, फॅक्टरी रीसेट, मग बॅकअप परत चढवणे. मधे यूएसबी हब नको. लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि पेटी यूपीएसवर, कारण अपडेट चालू असताना वीज गेली तर पेटी अर्धवट अडकते.

फॅक्टरी प्रीसेट ऐकून घेतले, वापरायचा एकही ठेवला नाही. दुकानात एकट्याने वाजवताना भारी वाटावेत अशा बेताने ते केलेले असतात: रिव्हर्ब सढळ, खर्ज फुगलेला, स्टिरिओ रुंद. बँडमध्ये हे तिन्ही गुण दोष ठरतात.

६ जुलै, रविवार

इनपुटची बाजू. पेटीत हात घालण्याआधी गिटार.

नव्या तारा १०–४६ (जाडी, इंचाच्या हजारांशांत). पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजली: हंबकर बारीक तारेखाली २ मिमी, जाड तारेखाली २.५ मिमी, सिंगल कॉइल त्याहून अर्धा मिमी खाली. सिंगल कॉइलचं चुंबक तारेच्या फार जवळ गेलं तर ते तार ओढतं, आणि वरच्या फ्रेटवर जाड तारेतून दोन सूर लहरल्यासारखे येतात. डिस्टॉर्शनमध्ये ते बेसूर वाटतं आणि माणूस ट्यूनर तपासत बसतो. दुसरा फायदा असा की पिकअप बदलताना आवाजाची उडी इथेच कमी होते. तेवढं काम पेटीत करावं लागत नाही.

इनपुट इम्पिडन्स (गिटारच्या सिग्नलला इनपुटकडून होणारा विरोध) ‘ऑटो’वरून १ मेगओहमवर पक्का केला. ऑटोमध्ये साखळीतला पहिला ब्लॉक कोणता यावर इम्पिडन्स ठरतो. पुढे कधी पहिल्या जागी फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचा पेडल) किंवा जुन्या धाटणीचा पेडल आला की गिटारची धार बोथट होते आणि कारण सापडत नाही. जुन्या फझची ती बोथट धार मुद्दाम हवी असेल तर गोष्ट वेगळी.

नंतर चाचणीसाठी कोरं रेकॉर्डिंग. स्टॉम्प यूएसबी ५/६ वर गिटारचा प्रक्रिया न झालेला सिग्नल पाठवतो. रीपर या रेकॉर्डिंग प्रोग्राममध्ये ४८ किलोहर्ट्झवर तुकडे घेतले: प्रत्येक पिकअपवर हलकी स्ट्रमिंग, जोरात स्ट्रमिंग, आर्पेजिओ, ब्रिज हंबकरवर पाम म्यूट (तळहात टेकवून दाबलेले सूर) आणि बाराव्या फ्रेटच्या वरचा लीड (सोलो). आता तोच तुकडा यूएसबी ५/६ वरून परत पेटीत सोडायचा, प्रीसेटच्या इनपुट ब्लॉकमध्ये ‘यूएसबी ५/६’ निवडायचं आणि दोन्ही हात मोकळे ठेवून नॉब फिरवायचे. गिटार हातात असली की वाजवणारा नकळत आवाजाशी जुळवून घेतो. रेकॉर्डिंग तशी भीड ठेवत नाही.

सेव्ह करताना इनपुट परत गिटारवर आणायचा. यूएसबी निवडलेला प्रीसेट तसाच सेव्ह झाला तर स्टेजवर दिवे लागतात, ट्यूनर हलतो की नाही इथपासून शोध सुरू होतो, आणि आवाज मात्र शून्य.

१२ जुलै, शनिवार

कॅब आणि माइक. आजचा पूर्ण दिवस इथेच, कारण ॲम्पचं मॉडेल बदलून जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त कॅब बदलून पडतो. लोक ॲम्पची यादी पालथी घालतात आणि कॅब जो आला तोच ठेवतात, हे नेमकं उलटं आहे.

गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो. पीएचा हॉर्न मात्र १८ किलोहर्ट्झपर्यंत जातो. कॅब ब्लॉक बंद करून डिस्टॉर्शन पीएमध्ये सोडलं की जो मधमाश्यांचा घोंघाट येतो तो याच पट्ट्यातला. कॅब लावल्यावरही थोडी किरकिर उरते, म्हणून कॅबमधलाच हाय कट (ठरलेल्या जागेच्या वरचे स्वर कापणारा; लो कट खालचे कापतो) वापरायचा.

४x१२ कॅब, सेलेशन व्हिंटेज ३० धाटणीचे स्पीकर, शुअर एसएम५७ धाटणीचा माइक. माइक अगदी मध्यावर, १ इंचावर ठेवला की आवाज चरचरीत. डिस्टॉर्शनमध्ये ३ ते ४ किलोहर्ट्झचा काटा कानात घुसतो. मध्यापासून अडीच इंच कडेकडे सरकवला की तोच काटा बसतो, शब्द मात्र साफ राहतो. आणखी बाहेर गेलं तर आवाज गोधडीखाली जातो. अंतर १ वरून ३ इंच केलं तर खर्ज उतरतो, कारण जवळ धरल्यावर खर्ज वाढवायचा स्वभाव या जातीच्या माइकमध्ये असतोच. हे सगळं इक्यूला (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या भागाला) हात न लावता. कर्कशपणा आधी माइक सरकवून काढायचा. इक्यूने काढला तर त्याबरोबर गिटारचा चेहराही जातो.

ठेवलेली जागा: मध्यापासून २.५ इंच, अंतर २ इंच, लो कट १०० हर्ट्झ, हाय कट ६.५ किलोहर्ट्झ. क्लीनसाठी हाय कट ८ किलोहर्ट्झपर्यंत चालतो.

दोन माइक मिसळायचा मोह होतो. करून पाहिलं: दुसरा माइक रिबन, पहिल्यापेक्षा ५ सेंमी मागे. ५ सेंमी अंतर कापायला आवाजाला साधारण ०.१४६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोघे एकत्र झाल्यावर ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा. गिटारची धार नेमकी तिथेच असते. दोन्ही माइक एकाच अंतरावर आणले की खड्डा भरतो. मागे-पुढे ठेवणं हे इक्यूच आहे, फक्त त्याचा नॉब सेंटिमीटरमध्ये. शेवटी एकच माइक ठेवला; मंडपाच्या पीएमधून दुसऱ्याचा फायदा कुणाला ऐकू येणार नाही.

बाहेरून घेतलेले आयआर (कॅब-माइकच्या आवाजाचा ठसा साठवलेल्या फाइली) लावणाऱ्यांसाठी: स्टॉम्प ४८ किलोहर्ट्झवर २०४८ सॅम्पलपर्यंतचा आयआर वापरतो, म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद. खोलीचा लांब गुंजारव असलेली फाइल दिली तर शेपूट कापली जाते, बिघडत काही नाही. मात्र फाइलच्या सुरुवातीला शांतता सोडलेली असेल तर तेवढा उशीर लागतो, आणि दुसऱ्या आयआरबरोबर मिसळताना वरचाच खड्डा पडतो. आयआर लावल्यावर ॲम्पबरोबर आलेला कॅब काढला आहे ना हे बघणे. कॅबवर कॅब चढला की आवाज खोक्यातून आल्यासारखा होतो, आणि ही चूक फार दिसते.

१३ जुलै, रविवार

आठ ब्लॉकची साखळी ठरली: वाह, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, ॲम्प-अधिक-कॅब (हा एकच ब्लॉक मोजला जातो), इक्यू, कोरस, डिले, रिव्हर्ब. नॉइज गेट इनपुट ब्लॉकमध्येच आहे, त्याला वेगळी जागा लागत नाही. एखादा ब्लॉक यादीत करडा दिसला तर जागा असूनही प्रोसेसरची ताकद संपली आहे असं समजायचं. मोठे रिव्हर्ब सगळ्यात खादाड. साधा प्लेट किंवा रूम घेतला की सुटतं.

क्लीन ते मध्यम ड्राइव्हला फेंडर डिलक्स रिव्हर्बवर बेतलेलं मॉडेल. भारी गाण्यांना मार्शल जेसीएम ८०० वर बेतलेलं. दोन्हींत ‘मास्टर’ आणि ‘चॅनल व्हॉल्यूम’ यांचा घोळ टाळायचा: मास्टर फिरवला की पॉवर ॲम्पचा पोत बदलतो, चॅनल व्हॉल्यूम फक्त आवाज कमीजास्त करतो. प्रीसेटची पातळी जुळवायची ती चॅनल व्हॉल्यूमने.

८०० च्या पुढे ट्यूब स्क्रीमर धाटणीचा पेडल: ड्राइव्ह १, टोन ५, लेव्हल ७.५. इथे पेडलकडून डिस्टॉर्शन नको आहे, फक्त त्याची सवय हवी आहे. तो ७२० हर्ट्झखालचा भाग कमी चेपतो आणि ॲम्पला मधला पट्टा जास्त ढकलतो, त्यामुळे पाम म्यूट सुटा राहतो. यानंतर ॲम्पचा ड्राइव्ह ६ वरून ४ वर आणला. स्टेजवर आवाज मोठा झाला की ड्राइव्ह आपोआप जास्त वाटतो. खोलीत थोडा कमी वाटला तर तो बरोबर.

गेट सगळ्यात शेवटी लावला. थ्रेशोल्ड कमीत कमी ठेवून वाढवत न्यायचा आणि गिटारचा व्हॉल्यूम ५ वर ठेवून लांब सूर सोडून ऐकायचा. सूर मरताना फडफडला तर गेट जास्त झाला. व्हॉल्यूम १० वर तपासला तर ही फडफड कळतच नाही.

१९ जुलै, शनिवार

पातळ्या. या प्रकल्पातलं सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात उपयोगाचं काम. पेटीतले तीनशे आवाज कुणी मोजत नाही. अंतऱ्याला गिटार गायब झाली आणि लीडला कानात घुसली, एवढंच श्रोत्यांना कळतं.

शिखर दाखवणाऱ्या मीटरवर क्लीन आणि डिस्टॉर्शन सारखे जुळवले तर क्लीन हळू ऐकू येतो. क्लीन सुराची टोकं सरासरीच्या कितीतरी वर उडतात. डिस्टॉर्शनमध्ये ती छाटलेली असतात, म्हणून सरासरी वर राहते. त्यामुळे मोजमाप लाउडनेसमध्ये. रीपरमध्ये यूलीनचा फुकट लाउडनेस मीटर, ‘शॉर्ट टर्म’ आकडा, म्हणजे ३ सेकंदांची सरासरी.

कोरा तुकडा प्रत्येक आवाजातून फिरवला. क्लीन −२० लफ्स (लाउडनेसचं एकक), क्रंच (हलकं डिस्टॉर्शन) −२०, लीड −१७. शिखर −६ डीबीच्या वर जाऊ दिलं नाही. आकडे जुळल्यावर पीए स्पीकर वाढवून कानाने परत बघितलं: क्रंच १ डीबी खाली आणावा लागला, कारण त्याचा मधला पट्टा भरलेला असल्याने आकड्यापेक्षा तो पुढे वाटतो. मीटर जवळपास आणून सोडतो. शेवटचा डीबी कानाचा.

लीडचा वाढीव आवाज ॲम्पच्या पुढे बूस्ट ठेवून मिळत नाही. ॲम्प आधीच चेपत असेल तर पुढचा बूस्ट फक्त घाण आणि सस्टेन वाढवतो. वाढ ॲम्पनंतरच्या इक्यू ब्लॉकमध्ये: लेव्हल +३ डीबी, १ किलोहर्ट्झला +२ डीबी. साउंडवाल्याने गिटारच्या चॅनलला कॉम्प्रेसर लावला असेल तर हे ३ डीबी तो गिळतो. साउंडचेकला आधीच सांगणे: “दादा, गिटारला कॉम्प नको, लीड आम्ही इथून वाढवतोय.” बहुतेकांना ते आवडतंच; एक फेडर सांभाळायचा कमी.

आउटपुट ‘लाइन’वर की ‘इन्स्ट्रुमेंट’वर? पॅसिव्ह डीआय वापरताना इन्स्ट्रुमेंट. लाइनचा तगडा सिग्नल स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला की खर्जाचे सूर तिथेच फाटतात, आणि शोध पॅचमध्ये घेतला जातो. डीआयवर २० डीबीचा पॅड असेल तर लाइन चालेल. वरचा मोठा व्हॉल्यूम नॉब एका जागी ठेवून चिकटपट्टीवर खूण.

२० जुलै, रविवार

अकूस्टिकचा आवाज. मधला सिंगल कॉइल, ॲम्प आणि कॅब दोन्ही नाहीत. कॉम्प्रेसर हलका, लो कट १०० हर्ट्झ, ८०० हर्ट्झला −४ डीबी, ५ किलोहर्ट्झच्या वर +३ डीबी, मग अकूस्टिक गिटारच्या देहाचा आयआर ६० टक्के मिसळून, शेवटी छोटी रूम. पिएझो (अकूस्टिकच्या ब्रिजखाली बसणाऱ्या) पिकअपसाठी केलेले आयआर इथे बसत नाहीत, कारण ते पिएझोची कमतरता भरून काढायला बनवलेले असतात आणि मॅग्नेटिक पिकअपची कमतरता निराळी असते. बरेच आयआर लावून बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

भावगीतामागच्या स्ट्रमिंगला हे पुरतं. एकट्या गिटारच्या आर्पेजिओने गाणं उघडत असेल तर पुरत नाही; तिथे खरी अकूस्टिक आणि तिची वेगळी लाइन.

२६ जुलै, शनिवार

डिले. गणित सोपं: ६०,००० भागिले टेम्पो, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. ९६ च्या टेम्पोला ६२५. डॉटेड एटथ त्याच्या पाऊणपट, ४६९. केहरव्यातल्या गाण्यांना एवढं पुरेसं आहे: टॅप टेम्पो दाबला की काम झालं.

दादऱ्यात घोळ होतो. सहा मात्रांचं गाणं हात तीन-तीन मात्रांच्या दोन ठोक्यांत धरतो, आणि पाय टॅपवर तोच ठोका देतो. समजा हा ठोका मिनिटाला ७०, म्हणजे ८५७ मिलिसेकंद. पेटी त्याला साधा क्वार्टर समजते. त्यावर डॉटेड एटथ ठेवला तर ६४३ मिलिसेकंद येतात, आणि ते कोणत्याच मात्रेवर पडत नाहीत. मात्रा आहे २८६ मिलिसेकंदांची, म्हणून इथे डिलेला ‘एटथ ट्रिप्लेट’ द्यायचं: ८५७ भागिले ३. दोन मात्रांचा डिले हवा असेल तर ‘क्वार्टर ट्रिप्लेट’, ५७१. दादऱ्याच्या गाण्यांसाठी प्रीसेटची एक प्रत काढून त्यात ही नोंद बदलून ठेवली. स्टेजवर मेनूत शिरायला वेळ नसतो.

मिक्स १८ टक्के, फीडबॅक (पडसाद किती वेळा परत येतो ते) २५. डिलेमध्येच लो कट २०० आणि हाय कट ३ किलोहर्ट्झ. ढोलकीचे बोल दाट असतात; त्यावर गिटारचे स्वच्छ पडसाद पडले की दोघांचाही चिखल. मळकट पडसाद मागे राहतो. लावणीला डिले बंदच.

स्टिरिओ: मंडपातल्या पीएच्या दोन्ही बाजू बहुतेक वेळा मोनोच चालतात. डाव्या-उजव्यात १५ मिलिसेकंदांचा फरक ठेवून रुंद केलेला आवाज मोनोत एकत्र आला की ३३, १०० आणि १६७ हर्ट्झला खड्डे पडत जातात आणि गिटार पोकळ होते. पिंगपाँग डिलेही तिथे निरर्थक. फक्त डाव्या/मोनो जॅकमधून एकच केबल, सगळे ब्लॉक मोनो. त्यात प्रोसेसरची ताकदही वाचते.

२ ऑगस्ट, शनिवार

पूर्ण वाद्यवृंदासह सराव, स्टेजच्या आवाजावर. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरची टोकं कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून वक्र काढले. परिणाम ठरलेला: रात्री हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये खर्ज आणि धार जास्त भरली जाते आणि स्टेजवर तो घुमतो नि टोचतो. म्हणून आज आवाज मोठा ठेवूनच फेरफार, कानाला मधेमधे विश्रांती देत.

बदलले ते सगळं कापण्याकडे. लो कट १०० वरून १३० हर्ट्झ: ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा आणि बेस गिटार तिथे आधीच आहेत, आणि मोकळ्या जाड तारेचा ८२ हर्ट्झचा मूळ सूर गेला तरी कान तो वरच्या हार्मोनिक्सवरून भरून घेतो. ३५० हर्ट्झला −३ डीबी, कीबोर्डच्या स्ट्रिंग्ज आणि हार्मोनियमला जागा म्हणून. गायिकेच्या आवाजाशी २.५ किलोहर्ट्झच्या आसपास टक्कर होत होती. क्लीनमध्ये तिथे −२. एकट्याने ऐकलं तर हा क्लीन आता किडकिडीत लागतो. गाण्यात ऐकला की एकेक तार सुटी.

रिव्हर्ब अर्ध्यावर आणला. मंडपाच्या कापडात गुंजारव नसतो, पण पीए समोरच्या इमारतींवर आपटून परत येतोच.

जागेनुसार जे बदलेल ते प्रीसेटमध्ये नको, ग्लोबल इक्यूमध्ये. प्रत्येक प्रीसेट उघडून १५० हर्ट्झ कमी करत बसण्यापेक्षा एका ठिकाणी एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी सपाट.

९ ऑगस्ट, शनिवार

वीज आणि हम.

स्टॉम्पला ९ व्होल्ट, ३ ॲम्पियर, सेंटर निगेटिव्ह. पेडलबोर्डचा नेहमीचा १ ॲम्पियरचा अडॅप्टर जोडला तर पेटी सुरूच होत नाही किंवा मधेच रीस्टार्ट होते. मूळ अडॅप्टरच, आणि त्याचा प्लग केबल-टायने बोर्डाला बांधलेला.

मंडपात बोर्ड मिळाला की आधी मल्टिमीटर. फेज–न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज–अर्थही जवळपास तेवढेच, न्यूट्रल–अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज–अर्थ ९० ते १५० असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर पिन आहे पण अर्थिंग नाही. मग मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावणे. पुढचं काम त्यानंतर. शेवटची चाचणी: गायकाच्या माइकची जाळी आणि गिटारच्या तारा यांमध्ये एसी व्होल्टेज. शून्याच्या जवळ हवं. तिथे दहा-वीस व्होल्टही दिसले तर ओठ माइकला लावायचा नाही. पावसात भिजलेल्या स्टेजवर हा विषय चेष्टेचा नाही.

हम कुठला ते आवाजावरून कळतं. ५० हर्ट्झची गुणगुण, गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी तशीच: ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांतून फिरणारा प्रवाह). डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबायचा. थ्री-पिनची अर्थ पिन कापून किंवा टेप लावून लूप तोडायचा नाही, कधीच नाही. तीक्ष्ण चरचर, गिटार फिरवली की कमीजास्त होणारी: सिंगल कॉइल लायटिंगच्या डिमरची घाण पकडतंय. पिकअप सिलेक्टर हंबकरवर, किंवा उभं राहायची दिशा बदलणे. लॅपटॉप यूएसबीने जोडला की सुरू होणारी बारीक शीळ: लॅपटॉपचा चार्जर. काढला की गेली.

फँटम पॉवर (मिक्सर माइकच्या केबलमधून देतो ती वीज): ट्रान्सफॉर्मरवाला डीआय मधे असल्यामुळे ४८ व्होल्ट पेटीपर्यंत येत नाहीत. जॅकवरून सरळ एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा प्लग) बनवलेली केबल साउंडवाल्याने पुढे केली तरी ती नको.

जनरेटरवर चालताना व्होल्टेज वरखाली झालं तरी अडॅप्टर सांभाळून घेतो, पण फेज बदलताना क्षणभर वीज गेली तर पेटी रीस्टार्ट होते आणि गाण्याचं ध्रुवपद निघून जातं. छोटा यूपीएस लावला. बॅटरीवर गेल्यावर स्वस्त यूपीएसचं आउटपुट चौकोनी लहरीसारखं असतं, त्यामुळे सिंगल कॉइलमध्ये किरकिर वाढते; गाणं संपेपर्यंत चालवून घ्यायची.

१६ ऑगस्ट, शनिवार

पायांची मांडणी. पेटीवर तीन स्विच, म्हणून एका प्रीसेटच्या तीन स्नॅपशॉटवर (त्याच प्रीसेटमधल्या साठवलेल्या स्थितींवर) सगळं: क्लीन, क्रंच, लीड. प्रीसेट बदलताना आवाज क्षणभर तुटतो आणि डिलेची शेपूट कापली जाते. स्नॅपशॉटमध्ये तसं होत नाही, ट्रेल्स चालू ठेवले की मागचा पडसाद पुढच्या आवाजावर तरंगत जातो. गाण्याच्या मधे फक्त स्नॅपशॉट, दोन गाण्यांच्या मधे प्रीसेट.

एक्स्प्रेशन पेडल आणि जादा फूटस्विच एकाच जॅकवर येतात. स्टिरिओ प्लगची वाय-केबल लावून दोन्ही घेतले, ग्लोबल सेटिंगमध्ये एक टोक पेडल आणि दुसरं स्विच असं सांगितलं. सुटा स्विच टॅप टेम्पोला. पेडलला वाह, व्हॉल्यूम नाही, कारण दोन्ही एकाच पायाखाली आले की गडबड ठरलेली.

‘स्नॅपशॉट एडिट्स’ हे सेटिंग ‘डिस्कार्ड’वर. ‘रिकॉल’वर ठेवलं तर पाय चुकून लागून बंद झालेला डिले त्या स्नॅपशॉटमध्ये परत आल्यावरही बंदच राहतो. डिस्कार्डमध्ये प्रत्येक वेळी सेव्ह केलेली स्थिती येते. उलट सरावात फेरफार करताना रिकॉल बरं, नाहीतर केलेलं काम पुढच्या टॅपवर नाहीसं.

एकूण चार प्रीसेट: मुख्य, मुख्य-दादरा, कोरसवाला गोड क्लीन (जुन्या हिंदी गाण्यांना), अकूस्टिक. यादी कागदावर, गाण्याच्या क्रमाने, प्लास्टिकमध्ये घालून बोर्डाला चिकटवली.

२३ ऑगस्ट, शनिवार

बॅकअप दोन ठिकाणी: लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह. राखीव म्हणून बॉसचा जीटी-१, चार पेन्सिल सेलवर चालतो, त्यात फक्त क्लीन, क्रंच, लीड याच पातळ्यांवर जुळवून ठेवले. पेटी दगावली तर केबल उपटायची, इकडे लावायची, गाणं चालू.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिल्या कार्यक्रमानंतरचे फेरफार. उघड्या मैदानात लीडचे ३ डीबी कमी पडले. प्रेक्षकांचा गलका आणि दूरचा ढोल यांत तो मिसळत होता. ४.५ केले, पण १ किलोहर्ट्झचे +२ तसेच. ग्लोबल इक्यूमध्ये २०० हर्ट्झला −३ लागले, स्टेजची पोकळ फळी घुमत होती. मॉनिटर कानाच्या रेषेबाहेर असल्याने हॉर्नची धार वाजवणाऱ्याला कमी ऐकू येत होती आणि हात जास्त जोरात पडत होता. मॉनिटर दीड मीटर मागे घेऊन वर तिरका केला, पॅचला हात लावला नाही. दमट हवेत तारा उतरत होत्या. दर दोन गाण्यांमागे ट्यूनर: टॅपचा स्विच दाबून धरला की लाइन म्यूट होऊन ट्यूनर येतो, निवेदकाच्या बोलण्यात तेवढा वेळ मिळतो.

दादऱ्याच्या प्रीसेटमध्ये डिले मिक्स १८ वरून १४. अकूस्टिकला स्पीकरचा फीडबॅक (घुमणारी शीळ) ११० हर्ट्झच्या आसपास सुरू होत होता. लो कट १४० केला, थांबला.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी, कार्यक्रम नाही. बदललेल्या प्रीसेटचा नवा बॅकअप तारखेसह. ग्लोबल इक्यू सपाट. वाय-केबलचा प्लग हलवला की टॅप आपोआप लागतोय. पुढच्या कार्यक्रमाआधी सोल्डर करून घेणे.